फ्रेंच जहाजाच्या पोटाचं माप

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या या अबू धाबीतल्या खलिफा सिटीच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना कळलंय, मग तुम्हीच का मागे राहता? चहा घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर माझं सांगून झाल्यावर हसा.

मी एसी डक्टिंगच्या कंपनीत एस्टिमेटर आहे. म्हणजे काय करतो? मापं घेतो. कुठून काय आरपार जाईल आणि कुठे अडकेल, हे आधीच सांगायचा मला पगार मिळतो.

आणि छंद म्हणाल तर फ्रेंच चिलखती युद्धनौका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या. घरातली तीन कपाटं त्यांच्या मॉडेल्सनी भरलीत. तुम्ही म्हणाल, फ्रेंचच का? अहो, अंगावर लोखंडाचं चिलखत चढवून भर समुद्रात जाणारी युद्धनौका पहिल्यांदा उतरवली ती फ्रेंचांनी. आणि पुढे तर काय एकेक जहाज काढलं! एकासारखं दुसरं नाही. वर इमले, त्यावर मनोरे, मनोऱ्यांवर तोफा. त्यांच्या काळात लोक त्यांना तरंगतं हॉटेल म्हणून हिणवायचे. मला मात्र ती बघून भरून येतं. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, काय हे ध्यान. दुसऱ्यांदा पाहिलं की नजर हटत नाही.

त्यांची बाजू हा तर खरा कळस. डेकवर अरुंद आणि खाली पाण्याजवळ येईपर्यंत चांगलं फुगलेलं पोट. हे मी घरी आलेल्या प्रत्येक माणसाला समजावून सांगतो. गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा सांगितलंय.

तर यंदा गणपतीच्या आधी बायकोनं, म्हणजे मेधानं, निर्वाणीचा इशारा दिला. "ही धूळ मी आता पुसणार नाही. यंदाचं मखर तू कर. तुझं एक तरी जहाज घराच्या उपयोगाला येऊ दे. लोकांनी मनापासून चांगलं म्हटलं, तर कपाटं राहतील. नाहीतर खलास. सगळं आरमार खाली कचऱ्याच्या खोलीत."

मी तिन्ही कपाटांकडे एकदा बघून घेतलं. पण लगेच सुचलं. अहो, हे जहाज मुळातच लंबोदर! पुढे शत्रूला धडक द्यायला पाण्याखालून काढलेलं टोक असतं, ती सोंड. बाप्पाला याहून शोभेल असं वाहन कुठलं?

आमचा रॉनी मदतीला आला. रॉनी वसईचा, इथं हॉटेलात बँक्वेटचं काम बघतो, त्यामुळे स्टेज, प्लायवूड, लाइटिंग यात पक्का. दर ख्रिसमसला त्याचा गोठा आम्ही दोघं करतो, तर गणपतीला तो आमच्याकडे. मेधानं हॉलमध्ये पसारा करायला साफ नकार दिला, म्हणून गेस्ट बेडरूममध्ये काम सुरू केलं. आठ फुटी जहाज. आत प्लायचा सांगाडा, बाहेर फोमबोर्ड, खाली चाकं, दोन धुराडी, बाजूंना तोफा. रंग दिल्यावर रॉनी दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "हबीबी, याच्यात माणसं राहू शकतील."

मुलीनं, सईनं, दारात उभं राहून विचारलं, "डॅड, विल इट कम आउट ऑफ द डोअर?"

मी हसलो. म्हटलं, बेटा, तुझा बाप कोण आहे? टेप काढली, डेक मोजला, दार मोजलं. दोन्हीकडे वीतभर जागा शिल्लक.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

चतुर्थीला सकाळी गुरुजी आले. त्यांना त्या दिवशी अख्खं अबू धाबी फिरायचं असतं, त्यामुळे ते दारातूनच घड्याळ बघत आत शिरतात. मेधा मूर्ती घेऊन तयार. रॉनी हॉलमधून ओढणार, मी बेडरूममधून ढकलणार. यल्ला! आधी सोंड बाहेर आली. मग पुढचा डेक आला, वरची तोफ आली. हॉलमध्ये सगळे वा वा म्हणाले. मला आणखी जोर चढला. मी खांदा लावला आणि घातला रेटा.

खर्र असा आवाज झाला आणि जहाज थांबलं.

"थोडं अजून," मी म्हणालो.

"अरे बाबा, ये नहीं जायेगा," पलीकडून रॉनी म्हणाला. "खाली बघ. पोट अडकलंय."

मी खाली पाहिलं. मी ज्याची वर्षानुवर्षं सगळ्यांना कौतुकं सांगत होतो, ते पोट चौकटीत घट्ट बसलं होतं. मी माप घेतलं होतं डेकचं. फ्रेंच जहाजाचं माप वर घेतलं, बोला आता!

पुढे जाईना, मागे येईना. मेधा म्हणाली, "ब्रेडची सुरी आणू का? कापून काढू."

"मेधा, पाया पडतो," मी म्हणालो. "कापू नको. असंच छान दिसतंय ना?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दिसतंय खरं. भिंतीतून जहाज बाहेर येतंय, अशी कल्पना आहे का? उत्तम आहे. ठेवा मूर्ती पुढे, मुहूर्त टळतोय."

झालं. बाप्पा पुढच्या डेकवर विराजमान झाले. मी धुराड्यांच्या फटीतून हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं हो. मंत्र, समई, आणि त्या उजेडात ते जहाज. खऱ्या फ्रेंच बंदरात कुठल्या जहाजाला असा मान मिळाला नसेल.

प्राणप्रतिष्ठा आटोपली, गुरुजी पुढच्या घरी पळाले. मेधा म्हणाली, "अरे, आरतीला बाहेर ये ना."

आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. दारात जहाज. जहाजावर बाप्पा. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाही. खिडकी तिसऱ्या मजल्यावरची, ती उघडते चार बोटं.

"डेकवरून रांगत येऊ?" मी विचारलं.

"बाप्पाच्या डोक्यावरून पाय टाकून?" मेधाचा आवाज चढला. "गप बस आत."

दीड दिवसाचा गणपती आमचा, म्हणून वाचलो. बेडरूमला बाथरूम जोडून आहे, ही दुसरी कृपा. उकडीचे मोदक तोफेशेजारच्या फटीतून आत आले. वर अरुंद असल्याचा तेवढा फायदा.

संध्याकाळी पाहुण्यांची रीघ लागली. मी दाराला कान लावून बसलो, कारण आरमाराचा निकाल बाहेर लागत होता. कोणी विचारलं की मेधा सांगायची, "ऑफिसच्या कॉलवर आहेत." मी एकदा आतून चिलखताची जाडी सांगायला गेलो, तर तिनं टाळ वाजवायला घेतला. सई सगळ्यांना दोन वाक्यांत उरकत होती, "इट्स फ्रेंच. इट हॅड आर्मर." बस. मला राहवेना, पण करतो काय?

लोक मात्र थांबत होते. मुलं सोंडेला हात लावत होती. एक काका म्हणाले, "काय देखणं जहाज आहे हो." मी आत एकटाच, ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या पिंपात विसर्जन झालं. ते होताच रॉनीनं चौकटीची एक पट्टी काढली आणि जहाज पुढे सरकलं. मी बाहेर आलो आणि थेट मेधासमोर उभा राहिलो. धीर करून विचारलं, "मग, कपाटं?"

"राहतील," ती म्हणाली. "सगळ्यांना मनापासून आवडलं. दरवर्षी लोक प्रसाद घेऊन दारातूनच पळतात. यंदा तासन्‌तास बसले, जहाजाकडे बघत."

मी फुलून गेलो. म्हटलं, "बघ! मी सांगत नव्हतो? हे फ्रेंच लोक..."

"तेच ना," मेधा म्हणाली, "यंदा सांगायला तू नव्हतास. पुढच्या वर्षीही जहाजच कर. आणि ढकलायला आतूनच उभा राहा."