शेरू फाटकाकडे धावला ती दुपार

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध, बाबा परतूरच्या शाळेत शिक्षक. भूत, करणी असले शब्द नुसते काढले तरी ते रागवायचे. तरीही हे लिहितेय...

साल पंच्याहत्तर-शहात्तर असेल. मी मॅट्रिकला होते. थोरली बहीण शांताअक्का नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती. शेरू हा तिनंच वाढवलेला कुत्रा. त्या उन्हाळ्यात त्याला काय झालं कोण जाणे — अक्का बसली की तिच्या डाव्या बगलेजवळ नाक खुपसायचा आणि कण्हायचा. हाकललं तरी पुन्हा तिथंच.

"पिसाळलं का काय हे? बांधून टाक त्याला," आई म्हणायची.

"न्हाई गं, लाडात येऊन राह्यलाय," अक्का हसायची.

दिवाळीपर्यंत तिथं गाठ दिसली. कॅन्सर. औरंगाबादच्या दवाखान्यात बाबा तिच्यापाशी राहिले. शेवटी शेवटी तिला उठून बसताही येत नव्हतं.

कुत्र्यांना अशा आजाराचा वास येतो, हे मी खूप वर्षांनी वाचलं. पटलंसुद्धा. पण पुढचं?

एका दुपारी आई आणि मी अंगणात तूर पाखडत होतो. कित्येक दिवस मलूल पडलेला शेरू एकदम उठला आणि शेपूट हलवत फाटकाकडे धावला. अक्का शाळेतून आली की नाचायचा, अगदी तसा नाचला. मग मान वर करून, कुणाच्या तरी सोबतीनं चालावं तसा सावकाश घरात गेला आणि अक्काच्या रिकाम्या बाजेपाशी निवांत बसला. फाटकात कुणीही नव्हतं, मी स्वतः पाहिलं.

आईच्या हातातलं सूप गळून पडलं. "आलीस का गं शांते?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"येड्यासारखं काय बोलतीस आई!" मी चिडले. "बरी होऊन येणारे ती."

रात्र पडायच्या आत बाबा टॅक्सीतून अक्काला घेऊन आले. ती दुपारीच गेली होती.

वास म्हणावा, तर औरंगाबाद केवढं लांब! चाहूल म्हणावी, तर कुणाची? मला आजही सांगता येत नाही.

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आईनं बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते बाजेपाशी जाऊन बसले. मग हळूच म्हणाले, "चालत आली का?"

"हौ," आई म्हणाली. "आपल्या पायानं आली."