फरशीच्या कडा

माझी मुलगी उभ्याउभ्या पडायची. चक्कर येणाऱ्या माणसाला थोडा तरी सुगावा लागतो, तो भिंत धरतो, खाली बसतो. तिला तेवढाही वेळ मिळत नसे. हातात पोळीचा तुकडा असे, काहीतरी सांगत असे, आणि बोलणं अर्धवट टाकून ती सरळ पुढे कोसळे. मग मुठी आवळलेल्या, अंगठे मुठीच्या आत, डोळे वर गेलेले, अंगाला झटके. थोड्या वेळाने सगळं निवे आणि तिला गाढ झोप लागे. उठल्यावर तिला काहीच आठवत नसे. डॉक्टरांनी मिरगी म्हणून सांगितलं होतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

हे सुरू झालं ते अमरावतीला, माझ्या माहेरी. राजापेठेतल्या आमच्या घराची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. पडली तर गुडघा खरचटे, कपाळाला पोपडा चिकटे. मी घाबरायची ती झटक्यांना. जमिनीला घाबरायचं असतं हे मला अकोल्याला कळलं.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. माझे यजमान अकोल्याला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. त्यांनी तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं, आणि मी मुलीला घेऊन राहायला गेले. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सगळ्या घरात शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात उभ्याने स्वयंपाक करायचा नवा ओटा, मागच्या दाराला काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या. आमच्या गल्लीत तेव्हा असं घर दुसरं नव्हतं. बायका पाहायला येत. सासूबाई त्यांना चपला काढायला लावून आत नेत आणि म्हणत, “पाय ठेवून पाहा व, कशी थंडगार हाय!”

मी पाहत होते ते कडांकडे. गवंड्याने दगड छिन्नीने तोडून तसेच बसवले होते. कड घासून घ्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती. वरून फरशी सपाट झाली की काम झालं. ओट्याची कड तर करवतीसारखी होती, आणि बरोबर मुलीच्या तोंडासमोर येत होती.

राहायला आल्याच्या महिन्यातच ती त्या कडेवर पडली. भुवईच्या वर फाटलं, टाके घालावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “गोळ्यांचं प्रमाण बसायला वेळ लागेल, बाई. तोवर ती पडणार. कशावर पडते तेवढं तुमच्या हातात आहे. डोळा थोडक्यात वाचलाय.”

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्याएवढी होऊन गुडघ्यांवर उभी राहिले आणि सभोवार पाहिलं. ओटा, खिडकीचा कठडा, मोरीचा उंबरा, धुण्याचा दगड, पायऱ्या. जिकडेतिकडे धार. ती ज्या खोलीत असेल तिथे मी असायला हवं असं मला वाटू लागलं. भाजी चिरतानाही मी तिच्याकडे पाहत असे, आणि बोटं कापून घेत असे. ती गप्प झाली की मी हातातलं टाकून वळे. बोलत असली तर आता मध्येच थांबेल, म्हणून जीव टांगणीला. खरं सांगायचं तर ती नुसती समोर उभी असली तरी मला भीती वाटायची, आणि स्वतःच्या मुलीची भीती वाटणं ही फार वाईट गोष्ट आहे.

आधी मी ओट्याला गोधडी बांधली. ती ओली होई, तिला वास येई, आणि एकदा चुलीपाशी तिचं टोक जळालं. सासूबाईंनी सोडून फेकून दिली.

“नव्या घराले फडके बांधून ठेवले! पाहणाराले वाटन, पोरगी नाही, घरच पडलं.”

“मग काय करू, आत्याबाई?”

“मले काय विचारतं? गोटा हाय थो. गोट्याले का समजावून सांगशीन?”

समजावून नाही, पण घासता येईल, असं मी ठरवलं. यजमानांना म्हटलं, जिनातल्या सुऱ्यांना ज्या चाकावर धार लावतात त्याचा एखादा फुटका तुकडा आणा. त्यांनी तो आणला, सोबत झिजलेली एक जाड कानस आणली, आणि वर म्हणाले, “धार लावाच्या वस्तूनं धार काढून राहिली तू. जिनातले लोक हसले मले.”

“हसू द्या. अजून एक तुकडा मिळत असन तर आणा.”

काम अवघड नव्हतं, पण ते संपत नसे. आधी कानशीने दगडाचे दात पाडायचे. मग चाकाचा तुकडा तिरका धरून, पाणी टाकत, एका वेळी वीतभरच कड घासायची. एकदम लांब हात मारला तर मध्ये खळगा पडतो. राखाडी चिखल निघतो, तो पुसायचा, पुन्हा पाणी, पुन्हा घासणं. कड गोल झाली की विटेचा तुकडा आणि गाळलेली वाळू, शेवटी गोणपाट. कोरडं घासलं तर काम लवकर होतं, पण धूळ नाकातोंडात जाते, म्हणून मी पाण्याशिवाय दगडाला हात लावला नाही. कड झाली की नाही हे तळहाताला कळत नाही. आपले तळहात जाड. आमच्याकडे घरोघरी कापूस. मी त्याचा पुंजका घेऊन कडेवरून हलकेच ओढायची. तंतू अडकला, की तिथे अजून दात आहे. पुंजका अखंड पुढे सरकला, की ती वीत झाली.

ती दुपारी झोपली की मी घासत बसे. खांदे भरून येत, बोटांची सालं निघत. पण घासताना भीती जरा दूर राही, म्हणून मी उठत नसे.

“व माय,” सासूबाई दारातून म्हणत, “लेकराच्या डोक्यावरचे केस झिजतीन तुह्या त्या आवाजानं.”

ओट्याची कड पुरी झाल्यावर थोड्याच दिवसांनी मुलगी पुन्हा स्वयंपाकघरात पडली. मी पीठ मळत होते. पोहोचेपर्यंत कपाळ ओट्यावर आपटलेलं होतं. मी तिला कुशीवर वळवलं आणि कपाळ पाहिलं. टेंगूळ होतं. रक्त नव्हतं. सासूबाई नेहमीप्रमाणे वहाण घेऊन तिच्या नाकाशी धरायला आल्या. ती धरू नका, नुसतं थांबा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मी त्यांचा हात बाजूला केला. आम्ही दोघी थांबलो. झटके थांबले, ती झोपली. मी तशीच पिठाच्या हाताने खाली बसून राहिले.

सासूबाईंनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बादली मला आयती भरलेली मिळू लागली.

मग मला थांबवत नव्हतं. मोरी झाली, कठडा झाला, धुण्याचा दगड झाला. मागच्या पायऱ्यांवर तर मी फक्त कडा घासून थांबले नाही. वरच्या बाजूला गवंड्याने छिन्नीचे घाव दिलेले होते, सगळा दगड खरखरीत. ती तोंडावर पडली तर गाल सोलून निघेल, या विचाराने मी ते घावही घासून काढले. पायरी पाटीसारखी गुळगुळीत झाली.

एकच अडचण होती. गोडं पाणी नळाचं, ते प्यायला. घासायला मी विहिरीचं वापरत होते, आणि आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारं. ते वाळलं की काळ्या दगडावर पांढरे डाग उमटत. पुसले की जात, वाळले की परत येत.

“घराले कोड फुटलं,” सासूबाई म्हणाल्या. “आखाजीले पोरगी-जावाई येतीन, थे काय म्हणतीन?”

“त्यायले सांगा, पाणी खारं हाय.”

“त्यायच्या इथं का गोड हाय? पण त्यायचे गोटे काळेच हायेत.”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सकाळी मी पुरण वाटत होते. मुलगी आमरसाच्या पातेल्याभोवती घुटमळत होती. मी तिला घालवून दिलं, तशी ती मागच्या दाराकडे पळाली. मग एक आवाज आला, फार मोठा नव्हता, आणि त्यानंतर काहीच नाही.

ती खालच्या पायरीपाशी उताणी पडली होती. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या. “आली वाटते,” त्या म्हणाल्या. आम्ही फिटला असंच म्हणत असू, आली. मी तिला कुशीवर वळवलं, मान सरळ केली, आणि थांबले. थांबायची इतकी सवय झाली होती, की दुसरं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. मी झटक्यांची वाट पाहत बसले. ते आले नाहीत. मी तिच्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडी होती. अंगठा बाहेर होता.

फिटमध्ये तिचा हात कधी उघडा राहिला नव्हता.

मी तिचे पाय पाहिले. तळवे चकाकत होते. बोट लावून नाकाशी नेलं, तर जवसाच्या तेलाचा वास.

“आत्याबाई, पायरीले तेल लावलं काय?”

सासूबाईंनी पायरीकडे पाहिलं. “पांढरी दिसत होती व. पाहुणे येऊन राहिले होते. म्हटलं, तू इतकी मेहनत केली, जराशी काळी दिसू दे.” मग त्या किंचाळल्या, “मारली काय मी तिले? सांग ना व, मारली काय?”

मी मुलीला उचललं आणि रस्त्याकडे धावले.

टांगा मिळाला. यजमान पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते, त्यामुळे आम्ही दोघीच. मी तिचं डोकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून. सासूबाई अनवाणी आल्या होत्या, हे दवाखान्यात उतरल्यावर दिसलं. वाटेत मी एवढंच पाहत होते, की तिची छाती हलते आहे. मध्येच हलली नाही असं वाटे, मग हले. त्या वाटेवरचं मला दुसरं काही आठवत नाही.

डॉक्टर ओळखीचे, भुवईला टाके घालणारेच. त्यांनी तिला पाहिलं आणि झटके थांबवायच्या इंजेक्शनची तयारी सुरू केली.

“फिट नाही,” मी म्हटलं. “तेलावरून घसरली. डोकं दगडावर आपटलं.”

“नक्की? तुम्ही पडताना पाहिलं?”

“पाहिलं नाही. पण मूठ उघडी होती.”

ते थांबले. तिचा हात पाहिला, पापण्या उचलून दिव्याने डोळे पाहिले, कवटी चाचपली. इंजेक्शन बाजूला ठेवलं. “मग हे देत नाही. याने ती झोपेल, आणि डोक्याला काय झालंय ते कळणार नाही. बसा इथे.”

आम्ही बसलो. ऊन चढलं. ते येऊन डोळे पाहत आणि जात, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. माझं चुकलं असेल तर? फिटच असेल, आणि ते औषध मी थांबवलं असेल तर? उघड्या मुठीवर मी सगळं लावलं होतं. सासूबाई भिंतीशी बसून स्वतःचे तेलकट हात पदराला पुसत होत्या, पुन्हापुन्हा. मी त्यांना थांबवलं नाही. मला तेवढं सुचतही नव्हतं.

दुपार कलता मुलगी ओकली. मग रडली. मग म्हणाली, “आई, रस संपला?”

सासूबाईंच्या आणि माझ्या, दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळालं, असं मी मनात म्हटलं, आणि मग मला रडू आलं.

ती काही दिवसांनी घरी आली. यजमान म्हणाले, पायऱ्या फोडून टाकू. मी म्हटलं, फोडल्या तर कडा नव्या येतील. तेल दगडात मुरलं होतं. सासूबाईंनी राख आणि सोडा टाकून पायऱ्या घासल्या, मला हात लावू दिला नाही. मग मी छिन्नी घेऊन वरच्या बाजूला बारीक घाव घातले. कडा मात्र गोलच ठेवल्या. आता पाय घट्ट बसत होता. मी स्वतः ओल्या पायाने चढून-उतरून पाहिलं.

पण मुलगी दारापाशी येऊन थांबली. “उचल,” म्हणाली.

तिने असं कधी म्हटलं नव्हतं. आजवर ती कितीदा पडली असेल, पण तिला त्यातलं एकही पडणं माहीत नव्हतं. हे एकच तिला आठवत होतं. घरातली सगळी भीती मी एकटी वागवत होते, आणि आता त्यातली काही तिच्याकडे गेली होती. सासूबाई तिला उचलून अंगणात नेत, उचलून आत आणत. दिवसचे दिवस हेच.

एका सकाळी त्या उचलायला वाकल्या, तेव्हा मी म्हटलं, “नका उचलू, आत्याबाई.”

“पडली म्हंजे?”

“तिले उतरू द्या.”

“तू आई हायेस का कोण हायेस!” त्या तडकल्या, पण मागे झाल्या.

मी अंगणात जाऊन उभी राहिले असते तर ती माझ्या अंगावर झोकून देऊन उतरली असती. म्हणून मी दारातच राहिले, चौकट धरून, तिच्या मागे. मध्येच फिट आली असती तर मी पोहोचले नसते, हे मला माहीत होतं. ती खूप वेळ उभी होती. मग खाली बसली, कडेवर तळहात ठेवला, दाबून पाहिला, आणि बसूनच एक पायरी उतरली. पुन्हा तळहात, पुन्हा खाली. अंगणात पोहोचल्यावर उठली, झगा झटकला आणि मागे न पाहता विहिरीपाशी बांधलेल्या बकरीकडे पळाली.

“आता सोड व थे चौकट,” सासूबाई म्हणाल्या. “गेली थे.”

मी ती लगेच सोडली नाही.