कोवळे डोंगर

शाळेत रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर टेकत मी म्हणाले, "चला, एकदाची स्थिर झाले." समोर पेपर तपासत बसलेल्या म्हात्रेबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "स्थिर कुणीच नसतं गं. ही खुर्ची, ही शाळा, हे आपलं चौक गाव, सगळं ईशान्येकडे निघालंय. बोटांची नखं वाढतात ना, साधारण त्याच वेगानं." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मी मराठी शिकवायचे, त्या भूगोल. लग्न केलेलं नव्हतं, लोधिवलीला भावाच्या घरी एका खोलीत राहायच्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाईल असा. भूपट्टांचा धडा आला की त्या वर्गातली बाकं भिंतीला सारायला लावत आणि मधे सतरंजी पसरत. दोन पोरांनी दोन टोकांनी ती एकमेकांकडे ढकलायची. मधे वळ्या उभ्या राहिल्या की बाई ओरडत, "हा बघा हिमालय!" मग दोन जड बाकं एकमेकांना चिकटवून उलट्या दिशांनी रेटायला सांगत. "अडतंय, अडतंय, आणि सुटलं! हा हिसका म्हणजे भूकंप." समुद्राखालचा जड पट्ट दुसऱ्याच्या पोटात शिरतो, तिथं खडक वितळतो आणि वर ज्वालामुखी पेटतात, हे सांगताना त्यांचे हात टेबलाखाली शिरत.

"मग आपला घाट कुणी ढकलला, बाई?" असा प्रश्न दरवर्षी येई. बाई त्याचीच वाट पाहत असत. "आपल्याला कुणी ढकललं नाही. आपण फाटलो." आणि त्या खिडकीतून दिसणारे कडे दाखवत. आधी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर, भाकऱ्यांची चळत असावी तसा. मग पश्चिमेकडची जमीन तुटून दूर गेली, मधे समुद्र शिरला. फाटलेली कड पावसानं झिजत झिजत मागे सरकली, ती ही.

एका वर्षी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. "फाटताना आवाज आला आसंल का, बाई?"

ती वनिता. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. रोज उतरून शाळेत यायची, रोज चढून जायची. तिची आई हिराबाई चौकच्या नाक्यावर पावसाळ्यात रानभाज्या विकायला बसायची. मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता." त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

पुढे वनिता भूशास्त्र शिकली. वाडीतली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. हिराबाईची तयारी नव्हती. बाई वर जाऊन तिला समजावून आल्या होत्या. एम.एस्सी. झाल्यावर वनिता एका अभ्यासगटाबरोबर हिमालयात गेली. तिथून तिचा फोन आला, तेव्हा बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "बाई, शिंपला सापडला! समुद्रातला! एवढ्या उंचावर!" वारा फोनमधूनही ऐकू येत होता. "आन इथलं डोंगर अजून कोवळं हायत, बाई. आपल्यासारखं मुरलेलं नायत. नुसता हात लावला तरी खडी सुटते."

"सांभाळून राहा गं," बाई म्हणाल्या.

त्याच पावसाळ्यात तिथल्या रस्त्यावर दरड आली. तिच्या गाडीतले दोघे वाचले, वनिता नाही.

रुग्णवाहिका वाडीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत आली. पुढे पोरांनी तिला खांद्यावरून वर नेलं. बाई सगळ्यांच्या मागे, एकट्या चढत होत्या. नंतर कानावर आलं की वाडीत लोक हिराबाईला बोलतायत. देवाचा डोंगर खणायला पोरीला कशाला धाडलीस? देव कोपला. हिराबाईनं नाक्यावर बसणं सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "मला वाडीवर जायचंय. येशील?"

"काय बोलणार तिच्याशी?"

"माहीत नाही. पण मीच तिला पोर पाठवायला लावली होती."

हिराबाई अंगणात बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही, रागावलीही नाही. शेजारच्या कळशीतलं पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. त्यो डोंगर का पडला वं?"

मला वाटलं, बाई तिला जवळ घेतील, रडतील. बाईंनी कुडावर वाळत घातलेली गोधडी काढली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली. "हिराबाई, ते टोक धर. माझ्याकडे ढकल. हळू." दोघी समोरासमोर गुडघ्यांवर बसल्या. गोधडीला मधे वळ्या आल्या.

"हा आपला देश. ते टोक म्हणजे पलीकडचा मुलूख. दोघं एकमेकांना रेटतायत, आणि दोघांतलं कुणीच खाली जायला तयार नाही. म्हणून मधली जमीन अशी वर आली. आधी तिथं समुद्र होता. वर येताना खडक मोडला, त्याला तडे गेले. नद्या तो खालून कापतात, वरून पाऊस मुरतो. मग एखादा उतार सुटतो."

"आजून रेटत्यात?"

"अजून."

"थांबायचं नाय?"

"नाही. आपण असू-नसू, त्याला थांबणं नाही."

हिराबाई त्या वळ्यांकडे बघत राहिली. "म्हंजे तिनं काय वंगाळ केलं म्हनून नाय."

"नाही गं."

"मी धाडली म्हनून बी नाय."

"नाही."

"कोनाचा कोप नाय."

बाईंनी 'नाही' म्हणून मान हलवली. तेव्हा हिराबाई त्याच गोधडीत तोंड खुपसून रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, असं तिच्या जावेनं नंतर मला सांगितलं. उतरताना बाई वाटेत एका दगडावर बसल्या. "तिला तिचं उत्तर मिळालं," म्हणाल्या. "माझं मला मिळत नाही."

पुढच्या वर्षी त्यांनी तो धडा शिकवला. सतरंजी काढली नाही. फळ्यावर आकृती काढली, आणि पाठ वर्गाकडे ठेवूनच धडा पुरा केला.

निवृत्तीनंतर त्यांना पोटाचं दुखणं जडलं. खोपोलीच्या दवाखान्यात मी जात असे. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एकदा म्हणाल्या, "वनिताचा तो फाटतानाच्या आवाजाचा प्रश्न राहूनच गेला बघ. मी तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं." श्रावण संपता संपता त्या गेल्या.

दहाव्याला लोधिवलीला त्यांच्या भावाकडे गेले, तर अंगणाच्या कडेला हिराबाई उभी होती. डोंगर उतरून, मिळेल त्या टेंपोनं आली होती. घरातल्यांपैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. मी जवळ गेले. तिनं माझा हात धरला.

"माज्या पोरीचं मरन मला समजावून सांगितलं हिनं," ती म्हणाली. "आता हिचं कोन सांगंल गं?"