वरोऱ्याहून कुरखेडा, वैनगंगेच्या नावासाठी

नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी कुठी गेलीच नव्हती. ताईच्या पोरीच्या बारशाचा निरोप आला अन् एकटीच निघाली. मनात एकच होतं, पोरीचं नाव वैनगंगा ठेवाले लावाचं. ते आमच्या मायचं नाव. माय गेली तसं घरात ते कोणी घेत नाई. बाबा त ती होती तेव्हाबी घेत नव्हते. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाई. "अवो" म्हणत, बस.

कुरखेड्याले मले सरळ बस नाई भेटली. चिमूर, ब्रह्मपुरी, वडसा, असं बदलत गेली. बायांले अर्धी टिकट हाय. चिमूरच्या स्टँडवर आलुबोंडा चांगला भेटते, पाणी घरून न्या. रस्त्यानं मोहफूल पडून राह्यलं होतं, खिडकीतून गोड वास येये.

ब्रह्मपुरी सोडली का पूल लागते. खिडकीपाशी बसा. माह्या बाजूच्या म्हातारीनं हात जोडले अन् म्हणाली, "वैनगंगा माय." मायचं नाव कितीक दिवसांनी कोणाच्या तोंडून आयकलं. खाली पाणी थोडंसंच, बाकी रेती. पूल सरला तरी मी मान वळवून पाहत होती.

वडशाले तेच नाव एका राइस मिलवर, पंक्चरच्या दुकानावर, खानावळीवर. खानावळीतच जेवली. भात, वरण, वांग्याची भाजी, पोट भरते. अनोळखी माणसाशी बोलाची मले लाज वाटते, पण हात धुताना मालकाले विचारलंच, हे नाव कोणाचं म्हणून.

"नदीचं हाय पोरी. अजून कोणाचं असंन?"

मी ओढणीले हात पुसले अन् कुरखेड्याची बस पाहाले गेली.

ताईच्या घरी पोचली तेव्हा तिची सासू आंगणात मोहफूल वाळवून राह्यली होती. मी ताईच्या कानात नाव सांगितलं, अन् तिनं सासूजवळ गोष्ट काढली. मी दाराआड.

सासू म्हणाली, "नाव चांगलं हाय वो. पण उद्या पोरीनं भांडे फोडले त? विहीणबाईच्या नावानं शिव्या देऊ काय?"

सारे हसले. ताई पण हसली, मग पोरीले पाजाले घेतलं. आता मी नाई बोलली त राह्यलंच, असं वाटलं.

"रागवाले दुसरं नाव ठेवा," मी दाराआडूनच म्हटलं. "हे लाडाचं राहू द्या."

सासूनं मले नीट पाह्यलं. "बोलते व्हय ही?"

दुसऱ्या दिवशी पाळण्यात वैनगंगा ठेवलं. रागवाचं नाव ठमी.

घरी आली त बाबानं विचारलं, जेवली काय, बसमध्ये गर्दी होती काय. नावाचं नाई विचारलं. मीच सांगितलं. ते उठून बाहेर गेले, आंगणात उगाच उभे राह्यले.

संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी रडून राह्यली होती. नातीचं नाव घ्याले कोणाची मनाई नाई. बाबानं फोन तोंडाजवळ धरला, घसा साफ केला.

"वैनगंगा," म्हणाले. थांबले. मग हळूच, "अवो वैनगंगा."

मी चहा ठेवाले उठली होती, तिथंच उभी राह्यली.