हजेरीपटावरचं नाव

आमच्या तारापूरच्या कारखान्यात एक फिटर आहे. दातिवऱ्याचा, पन्नाशीचा. पंप बिघडला की स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. माणसांचंही तसंच ऐकतो. उत्तर द्यायला इतका वेळ लावतो की समोरचाच अवघडतो.

कारखान्याचा हजेरीपट माझ्याकडे असतो. गेल्या वर्षी मॅनेजरांच्या सांगण्यावरून मी एका कागदावर त्याची सही घेतली. त्या कागदाने तो कामगार न राहता स्वतंत्र ठेकेदार झाला. काम तेच, वेळ तीच, फक्त हजेरीपटावरचं नाव गेलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "म्हंजे आता मीच माझा मालक?"

मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या जागी मेहुण्याला पाठवलं आणि स्वतः अकराला उगवला. मॅनेजर भडकले. "कुणाला विचारून उशिरा आलास?"

"ठेकेदार हाय ना मी? कधी यायचं, कोणाला धाडायचं, ते मीच ठरवणार."

"ते चालणार नाही! याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावा," ते माझ्यावर ओरडले.

"साहेब, त्यासाठी आधी हजेरीपटावर नाव लिहावं लागेल," मी म्हटलं.

"मग लिहा!"

मी नाव लिहिलं, पुढे गैरहजेरी लावली. फिटर शांतपणे टेबलाशी आला, त्याने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि म्हणाला, "आता खोडू नका."

हे त्याने आधीच ठरवलं होतं का, मला अजून कळलेलं नाही. नाव मात्र पुन्हा कुणी खोडलं नाही.