चपला काढून फ्रिजपर्यंत

आमच्या स्वयंपाकघरात चपला घालून जायचं नाही, हा आईचा नियम. भिलाईच्या क्वार्टरमधून तो तसाच आमच्या उतई रोडवरच्या नव्या घरात आला. बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते, रिटायर व्हायच्या जरा आधी त्यांनी हे घर बांधलं. नियमाचा त्यांना काहीच त्रास नव्हता, कारण ते स्वयंपाकघरात जातच नसत. पाणीसुद्धा त्यांना खुर्चीत मिळायचं. मीही त्यांचाच मुलगा.

नव्या घरात आल्यावर काही महिन्यांत आईची तक्रार सुरू झाली. "फ्रिजपाशी गेली का हाताले मुंग्या येतेत," ती म्हणायची. तिला शुगर आहे. डॉक्टरांना मी मुंग्यांचं सांगितलं, त्यांनी गोळी वाढवली. फ्रिजचं सांगितलं नाही, ते मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. तिच्या मोठ्या बहिणीचा पाय शुगरपायी कापावा लागला होता. आता आपला हात जाणार, असं आईने मनात धरलं होतं. रात्री झोपताना ती उजवा हात डाव्या हातात घेऊन झोपायची.

मग ती आठ दिवस नागपूरला भाचीच्या लग्नाला गेली. पहिल्याच सकाळी मी चहाच्या दुधासाठी आत गेलो. ती घरात नसतानाही दाराशी चपला काढल्या, इतकी तिची धास्ती. पातेलं धुतलेल्या ओल्या हाताने फ्रिजचा दांडा धरला आणि कोपरापर्यंत झिणझिणी आली. मला शुगर नाही.

शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. मी चपला घालून दांडा धरला, तर काही नाही. काढून धरला, परत झिणझिणी. लाकडी पाटावर उभा राहिलो, काही नाही. पायाचा एक अंगठा फरशीला टेकवून बघत होतो तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काय करून राहिला बे?"

मी सांगितलं. बाबांनी फ्रिजची पिन ओढून काढली. मग पेटीतून त्यांचा जुना टेस्ट लॅम्प आणला, म्हणजे होल्डरला लावलेला एक बल्ब आणि दोन तारा. एक तार सॉकेटच्या फेजमध्ये घातली, दुसरी वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या छेदात. बल्ब लागला नाही. बोर्ड उघडला, तर त्या तिसऱ्या छेदामागे तारच नव्हती. सगळ्या खोल्यांत तेच. घर बांधताना बाबा ड्यूटीवर असत, आणि वायरमनने नुसते तीन छेदांचे सॉकेट बसवून दिले होते. प्लांटमध्ये अर्थिंग पाहिल्याशिवाय मोटरला बोटही न लावणारा हा माणूस त्या रिकाम्या छेदाकडे बराच वेळ बघत बसला.

फ्रिजमागे एक तार घासून पत्र्याला लागत होती, ती दुपारीच बदलली. घरभर अर्थिंगची तार ओढायला दोन दिवस लागले. मग ती तार जोडून जमिनीत ठोकायला तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आला, माझ्यापेक्षा उंच. अंगणात मी तो धरला, वायरमनने घण घातला. हा दुसरा वायरमन, बाबांच्या ओळखीचा. तीन फूट मुरूम, खाली दगड. जागा बदलली, तिथेही दगड.

"करंट जमिनीत जाते, मग तिथून कुठं जाते?" मी बाबांना विचारलं.

"ट्रान्सफॉर्मरले वापस. त्यालेही अर्थिंग असते. रॉड सीधा पकड."

ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी. म्हणजे आमच्या अंगणापासून त्या पानवाल्याच्या पायाखालपर्यंत ती वाट जात होती, आणि मला हे कधी सुचलंही नव्हतं. मी जमिनीकडे बघत राहिलो, रॉड वाकडा झाला आणि बोलणी खाल्ली.

मऊ, ओली जमीन एकच उरली होती, मोरीचं पाणी जायचं तिथली. तिथे आईचं अळू होतं. बाबांनी तिला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तुह्यं अळू उपटलं तर चालन का?"

"कावून?"

बाबांनी सगळं सांगितलं. पलीकडे लग्नघराचा गलका ऐकू येत होता. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे माहा हात चांगला आहे?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते अळू उपटायला लागले. मी हो म्हणालो. मला अतोनात लाज वाटली. ती पहिल्या दिवसापासून ‘फ्रिजपाशी’ असंच म्हणत होती.

रॉड पुरता खाली गेला. तार जोडून टेस्ट लॅम्प लावला, तर बल्ब लख्ख लागला.

आई आली ती पिशवी ठेवून सरळ फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. हात लावेना. "पहिले तुमी लावा," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी दाराशी चपला काढल्या. अनवाणी आत आले, आधी हाताची मागची बाजू दांड्याला टेकवली, मग पंजाने घट्ट धरला. "काही नाही," ते म्हणाले. मग तिने धरला. धरूनच ठेवला, कितीतरी वेळ.

"आता आलेच आहा तं दही काढा," शेवटी ती म्हणाली.

बाबांनी फ्रिज उघडला. वरपासून खालपर्यंत सगळे खण पाहिले, आणि तसेच उभे राहिले.

"दही कुठं ठेवते तू?" त्यांनी विचारलं.