ओसरीवरची बाज

हळू आवाज म्हणून काही असतो, याची खबर आमच्या आत्याबाईला मरेपर्यंत लागली नाही. माझ्या नवऱ्याची ही सख्खी आत्या. ती परसात कुजबुजली तरी आमच्या कामठा गावाच्या वेशीवरचे बैल कान टवकारायचे. कुणाकडेही गेली की आधी बाज कुठं टाकली आहे ते बघायची, मग पाणी प्यायची. "बाजेवरून घर समजते," म्हणायची. एका नव्या नवरीच्या सासूला तिनं भर पंगतीत विचारलं, "पोराची बाज धानाच्या कोठीजवर काऊन वं? उंदरं राखते का?" बिचाऱ्या सासूच्या हातून भाताची परातच निसटली!

माझं दुखणं अंगावरून जाण्याचं. महिन्यातले पंधरा दिवस मी बाजूला बसलेली. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. काढे झाले, गोळ्या झाल्या, शेवटी गोंदियाच्या दवाखान्यात पिशवी काढली. रक्त थांबलं, अंगात जीव आला. पण डॉक्टरीणबाईंनी "काही दिवस वेगळे झोपा" सांगितलं आणि आमच्या ह्यांनी बाज ओसरीवर नेली, ती नेलीच. किती दिवस, हे विचारायची त्यांना लाज, मला त्याहून जास्त. धान कापून झालं, पुन्हा रोवणी आली, बाज तिथंच. पिशवी गेली म्हणजे बाईपण गेलं, असं गाव म्हणायचं. मलाही ते खरं वाटू लागलं होतं, आणि फार रडू यायचं.

आत्याबाई आली, तिनं बाज पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात नेलं. रांगेतूनच ओरडली, "बाई, हिचा नवरा ओसरीवर झोपून राहिला! आता त्याले जवर घेतलं तर चालते का नाही?"

अगं बाई! मी पदरात तोंड लपवलं. मग रांगेतल्या एकेकीचा पदर हळूच कानावरून मागं सरकला. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं!

डॉक्टरीणबाई हसल्या. "जखम भरली आहे, खुशाल. पण हिची इच्छा हवी. घाई नको, दुखलं तर येऊन सांगा."

"आयकलं? तुही इच्छा पाह्यजे!"

माझी इच्छा आजवर कुणी विचारलीच नव्हती. "आहे," मी म्हटलं, तेही चांगलं मोठ्यानं.

सांजेला आत्याबाईनं स्वतःच बाज आत ओढली. हे लाजून गोठ्यात पळाले, पण हसत होते. मी विचारलं, "आत्याबाई, तुमची बाज कुठं टाकू?"

"ओसरीवर. माह्याही अंगावरून जाये. तवा कोनाले इचारू? मालकानं दुसरी बायको आनली."

तिच्या तोंडून हळू आवाजात ऐकलेलं तेवढंच.